हृदय-फुप्फुस विज्ञानातील संशोधन-पदव्युत्तर पदवी : या चुका टाळा

नाशिकमध्ये एमबीबीएस, फिजिओथेरपी किंवा जीवशास्त्रातील बीएस्सी करून पुढे परदेशात हृदय आणि फुप्फुसांच्या संशोधनात पदव्युत्तर पदवी घेऊ इच्छिणारे विद्यार्थी सल्ला विचारायला येतात, तेव्हा त्यांचे बहुतेक प्रश्न प्रवेशाचे असतात : आयईएलटीएसला किती गुण लागतात, कोणते विद्यापीठ क्रमवारीत वर आहे, शिष्यवृत्ती मिळेल का. हे प्रश्न रास्तच आहेत. परंतु ज्यांचे वर्ष पुढे बिघडते, त्यांचे ते प्रवेशाच्या अडचणींमुळे बिघडल्याचे मी फारसे पाहिलेले नाही. हाताशी असलेल्या काळात न मावणारा विषय घेतल्यामुळे आणि ज्या मोजमापावर सगळा प्रबंध उभा राहणार ते मोजमापच नीट समजून न घेतल्यामुळे ते बिघडते. या दोन्ही गोष्टी विमानात बसण्यापूर्वी, नाशिकमध्ये राहूनच, बऱ्याच अंशी सुधारता येतात.

पदवीचा स्वभाव न ओळखणे

ब्रिटनमधील ‘मास्टर ऑफ रिसर्च’, म्हणजेच बोलीभाषेतली ‘एमरेस’, ही साधारणपणे एका वर्षाची आणि १८० क्रेडिटची पदवी असते व तिचा निम्म्याहून अधिक वाटा संशोधन प्रकल्पाचा असतो. नेदरलँड्समधील संशोधन-मास्टर्स अभ्यासक्रम बहुधा दोन वर्षांचे आणि १२० ईसीटीएसचे (युरोपीय क्रेडिटचे) असतात. भारतात या पायरीच्या जवळ जाणारी एमफिल पदवी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी बंद झाली, त्यामुळे पीएचडीपूर्वी संशोधनाची चव घेऊ पाहणाऱ्याचे लक्ष साहजिकच बाहेर वळते.

एमबीबीएस झालेल्यांचा गोंधळ वेगळा असतो. ‘हार्ट अँड लंग’ हे शब्द वाचले की घरच्यांना वाटते, मुलगा हृदयरोगतज्ज्ञ होऊन येणार. तसे होत नाही. श्वसनविकारातील एमडी किंवा हृदयरोगातील डीएम या रुग्णोपचाराच्या पदव्या आहेत, त्यांची वाट नीट पीजी आणि नीट एसएस या परीक्षांतून जाते आणि संशोधन-मास्टर्स केल्याने रुग्ण तपासण्याचा कोणताही नवा अधिकार मिळत नाही. एमडीला जागा मिळाली नाही म्हणून ‘तोवर काहीतरी’ या हेतूने ही पदवी घेणारा विद्यार्थी पाचव्या-सहाव्या महिन्यात पुन्हा नीटची पुस्तके उघडून बसतो, आणि मग दोन्हीकडचे काम अर्धवट राहते. अशा विद्यार्थ्याने ही पदवी घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

हृदय आणि फुप्फुसे एकत्र का शिकवतात, हेही अर्ज लिहिण्यापूर्वी नीट समजून घेतले पाहिजे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील नॅशनल हार्ट अँड लंग इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांच्या नावातच ही जोडी आहे, आणि तिला शरीरक्रियेचा आधार आहे : उजवी जवनिका (हृदयाचा उजवीकडचा खालचा कप्पा) शरीरातून परत आलेले जवळपास सगळे रक्त फुप्फुसांतून ढकलते, त्यामुळे फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा रोध वाढला की पहिला ताण उजव्या जवनिकेवर येतो; उलट डाव्या जवनिकेचे काम मंदावले की दाब मागे साठत जाऊन फुप्फुसांत पाणी भरते. ज्या अर्जात हृदयाविषयी एक परिच्छेद आणि फुप्फुसांविषयी दुसरा असतो, पण दोहोंना जोडणारे एकही वाक्य नसते, त्याची उणीव वाचणाऱ्या प्राध्यापकाच्या लगेच लक्षात येते.

वर्षात न मावणारा प्रश्न

ही सर्वांत महाग चूक आहे, म्हणून एक उदाहरण जवळून पाहू. समजा, एका विद्यार्थिनीने ‘मालेगावच्या यंत्रमाग कामगारांच्या फुप्फुसांवर कापसाच्या धुळीचा परिणाम’ असा विषय धरला. विषय आपल्या जिल्ह्यातला, गरजेचा आणि ऐकायला भारदस्त. पण तो असाच्या असा हाती घेतला, तर त्यात निदान चार खड्डे आहेत.

पहिला खड्डा म्हणजे कापसाच्या धुळीमुळे होणारा बिसिनोसिस हा विकार पिंजणी आणि कताईच्या खात्यांत अधिक आढळतो. विणकामापर्यंत सूत स्वच्छ होऊन आलेले असते, म्हणून तिथे धूळ कमी असते. कताई गिरण्यांवरील अभ्यासांतले आकडे उचलून ते मागांना लावले, तर अपेक्षित फरकच चुकतो, आणि तो चुकला की नमुनासंख्येचे गणितही चुकते.

दुसरा खड्डा अधिक फसवा आहे. ज्यांना धुळीने खरोखर त्रास झाला, ते लोक माग सोडून गेलेले असतात. कोणी रिक्षा चालवतो, कोणी गावी परततो. मागावर उभे असलेले लोक हे टिकून राहिलेले लोक असतात, त्यामुळे त्यांची श्वसनक्षमता बाहेरच्यांइतकीच किंवा त्यांच्याहून चांगलीही निघू शकते, आणि विद्यार्थिनी ‘धुळीचा परिणाम नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळी होते. व्यावसायिक आरोग्याच्या अभ्यासात हा दोष जुना आणि सुपरिचित आहे. तरीही पहिल्या आराखड्यात त्याचा उल्लेख क्वचितच असतो.

तिसरा खड्डा प्रश्नावलीचा आहे. बिसिनोसिसचे ठळक लक्षण म्हणजे सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होणे, आणि पाश्चात्त्य पुस्तकांत ते सोमवारचे लक्षण म्हणून नोंदलेले आहे. जिथे मागांना शुक्रवारी सुट्टी असते, तिथे हा दिवस शनिवार असतो. ‘सोमवारी छाती भरून येते का?’ असा प्रश्न जसाच्या तसा भाषांतर करून विचारला, तर कामगार प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो आणि आपण ते ‘नाही’ तक्त्यात भरतो.

चौथा खड्डा म्हणजे विडी, पूर्वी होऊन गेलेला क्षयरोग आणि घरातला चुलीचा धूर. हे तीनही फुप्फुसांवर परिणाम करतात, आणि ते वेगळे काढायचे तर जितकी माणसे लागतील तितकी एका वर्षाच्या विद्यार्थिनीला गाठता येणार नाहीत.

मग विषय सोडायचा का? सोडायचा नाही, छाटायचा. त्याच कामगाराची श्वसनक्षमता पाळीच्या आधी आणि पाळीनंतर, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी आणि आठवड्याच्या शेवटच्या दिवशी मोजली, तर प्रत्येक माणूस स्वतःचाच तुलनागट ठरतो. विडी, वय, उंची, जुना क्षयरोग यांचा बराचसा गोंधळ त्यातून गळून पडतो. ‘धुळीमुळे आजार होतो का’ या प्रश्नाचे उत्तर त्याने मिळणार नाही, पण ‘एका पाळीत श्वसनमार्ग किती आवळतो’ याचे मिळेल, आणि ते एका वर्षात मिळेल. इथेही एक सावधगिरी हवी : निरोगी माणसाची श्वसनक्षमता दिवसभरात बदलते, पहाटे ती सर्वांत कमी असते आणि दुपारकडे वाढते. त्यामुळे दिवसपाळीच्या माणसात धुळीने झालेली घट या नैसर्गिक वाढीखाली झाकली जाऊ शकते, आणि दिवसपाळी व रातपाळीचे आकडे एकत्र मिसळले तर सगळेच पुसले जाते.

विषय कसा छाटावा हे ज्याला एकदा उमगले, त्याला तो कोणत्याही आजारावर छाटता येतो. मार्गदर्शकाला पाठवलेल्या पहिल्या पत्रात असा छाटलेला प्रश्न असेल, तर उत्तर येण्याची शक्यता पुष्कळ वाढते. ‘मला कार्डिओपल्मनरी क्षेत्रात रस आहे’ या वाक्याने सुरू होणारी पत्रे त्यांना रोज येतात.

स्पायरोमेट्री : सोपी समजून केलेली चाचणी

श्वसनाच्या प्रबंधांत सर्वाधिक वापरली जाणारी आणि सर्वाधिक बिघडवली जाणारी चाचणी हीच आहे : माणसाने जोरात फुंकायचे आणि बाहेर पडणारी हवा यंत्राने मोजायची. यंत्र लहान, कागदावर आकडे छापून येतात, आणि छापील आकड्यावर आपला विश्वास चटकन बसतो.

सुरुवात यंत्रापासून करावी. तीन लिटरच्या सिरिंजने यंत्राची रोज पडताळणी करायची असते आणि २०१९ च्या अमेरिकन व युरोपीय श्वसन संस्थांच्या संयुक्त मानकानुसार फरक ३ टक्क्यांच्या आत असावा लागतो. खोलीचे तापमान यंत्रात बरोबर भरलेले असणे आवश्यक आहे, कारण फुप्फुसातून येणारी हवा ३७ अंशांची आणि ओलसर असते, खोलीत ती थंड होऊन आकसते आणि यंत्र त्याची दुरुस्ती खोलीच्या तापमानावरून करते. जानेवारीत निफाडकडच्या गावात सकाळी शिबिर घेतले आणि यंत्रात मे महिन्यातले तापमान तसेच राहिले, तर प्रत्येक नोंदीत एकाच दिशेची चूक शिरते आणि ती सांख्यिकीने काढता येत नाही.

मग माणसाकडे या. चाचणी घेणारा हळू आवाजात ‘हं, सोडा आता’ म्हणतो आणि समोरची बाई संकोचाने, पदर सावरत, हलकेच फुंकते. आलेख सुरुवातीलाच ढेपाळतो. फुंकरीचा आरंभ झटक्यात झाला नाही तर पहिल्या सेकंदातल्या हवेचा आकडा, म्हणजे एफईव्ही-१, अर्थहीन ठरतो. मानकानुसार, फुंकर जोर धरण्याआधीच निसटलेल्या हवेचे, आलेख मागे वाढवून काढलेले आकारमान एकूण आकारमानाच्या, म्हणजे एफव्हीसीच्या, ५ टक्के किंवा १०० मिलिलिटर यांपैकी जे जास्त असेल त्याच्या आत असायला हवे. ‘फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका’ असे अक्षरशः ओरडावे लागते, आणि ओरडण्याचा जोर पहिल्या माणसाला जितका तितकाच शेवटच्यालाही लागतो. तीन स्वीकारार्ह फुंकरी, आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोन १५० मिलिलिटरच्या आत जुळणाऱ्या, हे साधेपर्यंत चाचणी पूर्ण झाली असे मानू नये. मात्र आठ प्रयत्नांच्या पुढेही सहसा जाऊ नये, कारण माणूस दमतो.

वयाची नोंद ही आपल्याकडची खास अडचण आहे. गावाकडच्या अनेक ज्येष्ठांच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी किंवा १ जून अशी असते, म्हणजेच ती अंदाजाने लिहिलेली असते. अपेक्षित श्वसनक्षमता वय, उंची आणि लिंग यांवरून काढली जाते, म्हणून वय पाच वर्षांनी चुकले तर टक्केवारीही चुकते. मोठ्या दुष्काळाच्या, लग्नाच्या किंवा थोरल्या मुलाच्या वयाच्या आधाराने वय पडताळून घेण्याची पद्धत आपल्या सर्वेक्षणांत जुनीच आहे, ती वापरावी. उंची चपला काढून मोजावी, विचारून लिहू नये.

यापुढची चूक यंत्राच्या आत दडलेली असते. ‘अपेक्षित किती’ हे कोणत्या समीकरणाने काढायचे, हे यंत्रात आधीच ठरवून दिलेले असते आणि विद्यार्थी ते पाहतच नाहीत. २०१२ च्या जागतिक समीकरणांत भारतीय उपखंडासाठी वेगळा गट नव्हता. त्यानंतर वंशनिरपेक्ष जागतिक समीकरण आले आणि अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२३ मध्ये त्याच्या वापराची शिफारस केली. एकच माणूस, एकच फुंकर, पण समीकरण बदलले की ‘७८ टक्के’ चे ‘८५ टक्के’ होऊ शकते. नाशिकला गोळा केलेल्या आणि लंडनला विश्लेषण केलेल्या नोंदींत दोन वेगळी समीकरणे मिसळली गेली, तर त्यातून निघालेला फरक यंत्रांमधला असतो, रुग्णांमधला नसतो. म्हणून मूळ लिटरमधले आकडे नेहमी जतन करावेत, टक्केवारी नंतर हवी तेव्हा काढता येते.

निदानाच्या मर्यादाही प्रबंध लिहिण्यापूर्वी ठरवाव्या लागतात. एफईव्ही-१ आणि एफव्हीसी यांचे गुणोत्तर ०.७० च्या खाली म्हणजे श्वसनमार्ग अरुंद, ही ठोकळ मर्यादा सोयीची आहे, पण ती वयस्कर माणसांत आजार जास्त दाखवते आणि तरुणांत कमी. दुसरी पद्धत म्हणजे वयानुसार काढलेली निम्न सामान्य मर्यादा. औषधाने होणारी सुधारणा मोजताना जुना निकष १२ टक्के आणि २०० मिलिलिटर असा होता, तर २०२२ पासून संयुक्त शिफारस अपेक्षित मूल्याच्या १० टक्क्यांहून जास्त अशी आहे. कोणतीही एक धरावी आणि ती आधी लिहून ठेवावी. दोन्ही करून पाहून जिचा निकाल ‘बरा’ येतो ती निवडणे, हे संशोधनात बसत नाही.

हृदयाकडची मोजमापे

टू-डी इकोचा अहवाल हातात आला की त्यावर डाव्या जवनिकेच्या आकुंचनाची टक्केवारी ‘६०’ किंवा ‘५५’ अशी गोल आकड्यात लिहिलेली दिसते. पुष्कळदा ती डोळ्यांनी अंदाजलेली असते. रुग्णोपचाराला ते पुरते, प्रबंधाला नाही. संशोधनासाठी दोन प्रतलांतून रेषा आखून काढलेले मोजमाप हवे, ते काढणाऱ्याला रुग्ण कोणत्या गटातला हे माहीत नसावे, आणि काही नोंदी त्याच माणसाने व दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजलेल्या असाव्यात. या दोन मोजणाऱ्यांतली सहमती दाखवताना विद्यार्थी सहसंबंधाचा गुणांक देतात. तो चुकीचा पुरावा आहे : एकजण प्रत्येक वेळी १० ने जास्त मोजत असेल, तरी सहसंबंध उत्तम येतो. ब्लँड आणि आल्टमन यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेली फरक-विरुद्ध-सरासरीची पद्धत याच कामासाठी आहे.

फुप्फुसांतील रक्तदाबाच्या विकाराबाबत तर व्याख्याच बदलली आहे. पूर्वी सरासरी दाब २५ मिमी पारा किंवा अधिक ही मर्यादा होती. २०१८ च्या नीस येथील जागतिक परिसंवादानंतर आणि २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती २० पेक्षा जास्त अशी झाली. जुन्या आणि नव्या व्याख्येचे संदर्भ एकाच तक्त्यात ठेवले की तुलना कोसळते. शिवाय निश्चित निदान उजव्या हृदयातील नळीने दाब मोजूनच होते; इको फक्त शक्यता सांगतो. चुलीच्या धुरात वर्षे काढलेल्या स्त्रियांच्या उजव्या जवनिकेवर काम करण्याची कल्पना उत्तम आहे, मात्र इकोवरून ‘इतक्या स्त्रियांना हा विकार आहे’ असे लिहिता येणार नाही, ‘इतक्या स्त्रियांत त्याची शक्यता जास्त आढळली’ असेच लिहावे लागेल.

प्रयोगशाळेतील गाळणे आणि मोजणे

प्राण्यांच्या हृदयावर किंवा पेशींवर प्रकल्प असेल, तर चुका वेगळ्या जातीच्या होतात. ऑस्कर लांगेनडॉर्फ यांनी १८९५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत हृदय बाहेर काढून महारोहिणीतून उलट्या दिशेने द्रव सोडतात आणि हृदय शरीराबाहेर धडधडत राहते. नवशिक्याचे हृदय पहिल्या काही मिनिटांतच थांबते आणि त्याला वाटते, प्राणीच अशक्त होता. कारण बहुधा दोनांपैकी एक असते : नळी बसवताना हवेचा बुडबुडा हृदयधमनीत गेला, किंवा द्रवात ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेला प्राणवायू पुरेसा सोडण्यापूर्वीच कॅल्शियम घातल्यामुळे त्याचा साका बसला. द्रव किंचित गढूळ दिसला तरी तो ओतून द्यावा आणि नव्याने करून, गाळून घ्यावा. हृदय काढल्यापासून नळी बसेपर्यंतचा वेळ प्रत्येक प्रयोगात नोंदवावा. पुढे विचित्र निकालांचे स्पष्टीकरण याच रकान्यात सापडते.

पेशींच्या बाबतीत नावाने फसू नये. ‘फुप्फुसाच्या पेशी’ म्हणून सर्रास वापरल्या जाणाऱ्या ए-५४९ या १९७२ मध्ये एका फुप्फुसाच्या कर्करोगातून काढलेल्या आहेत, आणि ‘हृदयपेशी’ म्हणून वापरल्या जाणाऱ्या एच९सी२ या उंदीरवर्गीय प्राण्याच्या भ्रूणातील स्नायुपूर्व पेशी आहेत, त्या धडधडत नाहीत. दोन्ही उपयोगी आहेत, पण त्यांच्यावरून ‘निरोगी फुप्फुसात’ किंवा ‘हृदयात’ असे वाक्य लिहिताना हात आखडता घ्यावा. मायकोप्लाझ्माची, म्हणजे पेशींत नकळत शिरणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंची, तपासणी पहिल्या आठवड्यातच करून घ्यावी.

सर्वांत जास्त प्रबंध ज्या चुकीवर अडतात ती मात्र मोजणीची आहे. चार प्राण्यांच्या हृदयांतून प्रत्येकी दहा पेशी तपासल्या, तर नमुनासंख्या ४० होत नाही. एकाच हृदयातल्या दहा पेशी एकमेकींसारख्याच असतात, जसे एकाच वेलीवरच्या घडातल्या द्राक्षांच्या गोडीवरून सगळ्या बागेचा भाव ठरत नाही. स्वतंत्र नमुने चारच आहेत, आणि विश्लेषण त्या हिशेबानेच, प्राण्यानुसार गट धरून, करावे लागते. परीक्षक हा प्रश्न हमखास विचारतात.

परवानग्या उशिरा मागणे

भारतात रुग्णांवर किंवा त्यांच्या नोंदींवर अभ्यास करायचा असेल, तर नोंदणीकृत एथिक्स कमिटीची मंजुरी काम सुरू होण्यापूर्वी हवी. याला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा आणि २०१९ च्या औषध व चाचणी नियमांचा आधार आहे. औषधाची किंवा व्यायामाचीही तुलनात्मक चाचणी असेल, तर भारतीय चाचणी नोंदणीत ती पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदवावी लागते, कारण १ एप्रिल २०१८ पासून मागाहून केलेली नोंदणी स्वीकारली जात नाही. परदेशी विद्यापीठाशी भागीदारी असल्यास आरोग्य मंत्रालयाच्या तपासणी समितीची मंजुरीही लागते. ‘नोंदी तर आपल्या ओळखीच्या रुग्णालयातल्याच आहेत’ या भरवशावर नाशिकमधून पेनड्राइव्हमध्ये नोंदी घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याला तिथले विद्यापीठ त्या वापरू देत नाही, आणि तसे न करू देणेच बरोबर आहे.

ब्रिटनमध्ये प्राण्यांवरील कामासाठी १९८६ च्या कायद्याखाली प्रशिक्षण व वैयक्तिक परवाना लागतो, आणि तिथल्या सरकारी रुग्णालयांतील रुग्णांवर नवा स्वतंत्र प्रकल्प मंजूर करून घेणे एका वर्षाच्या विद्यार्थ्याला परवडत नाही. म्हणून प्रवेश नक्की होण्यापूर्वी मार्गदर्शकाला एकच प्रश्न विचारावा : माझ्या प्रकल्पाच्या मंजुऱ्या आजच्या तारखेला हातात आहेत का? ‘लवकरच येतील’ हे उत्तर आले, तर दुसरा प्रकल्प मागावा.

मार्गदर्शकाशी कमी बोलणे

आपल्या महाविद्यालयांत ‘सर चिडतील’ म्हणून अडचण लपवण्याची सवय लागते; एमडीच्या सिनॉप्सिसवर सही घेण्यासाठी ओपीडीबाहेर ताटकळलेल्यांना हे सांगायला नको. परदेशात हीच सवय महागात पडते. प्रयोग फसला तर तीन आठवडे तो एकट्याने दुरुस्त करत बसू नये. फसलेल्या प्रयोगाचा आलेखच घेऊन दर आठवड्याच्या बैठकीला जावे. मार्गदर्शक नावाने हाक मारायला सांगतात, म्हणून ते सलगीत आहेत असे नाही आणि कमी बोलतात म्हणून नाराज आहेत असेही नाही. प्रयोगवहीत रोज तारीख टाकून नोंद करावी, आणि विश्लेषणाचा आराखडा नोंदी उघडण्यापूर्वी लिहून त्यांच्याकडे पाठवावा.

पैसे आणि व्हिसा

इथे लांबण लावण्याचे कारण नाही, पण काही गोष्टी दरवर्षी चुकतात. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी उरलेली फी आणि कमाल नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च सलग २८ दिवस खात्यात असावा लागतो, आणि त्या २८ दिवसांचा शेवट अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत यावा लागतो. खाते विद्यार्थ्याचे किंवा आई-वडिलांचे असावे. मामांच्या किंवा काकांच्या खात्यातली रक्कम, द्राक्षबागेचे मूल्यांकन, भविष्य निर्वाह निधी किंवा शेअर्स यांपैकी काहीही चालत नाही. शैक्षणिक कर्जाचे मंजुरीपत्र चालते. विद्यार्थ्यांसाठी आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड आहे, तो खर्चाच्या हिशेबात धरायला लोक विसरतात. भारतातून सहा महिन्यांपेक्षा जास्त काळासाठी जाणाऱ्याला मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयरोग तपासणीचे प्रमाणपत्र लागते. नेहमीच्या लॅबमधला छातीचा एक्स-रे स्वीकारत नाहीत. काही जीवशास्त्रीय संशोधन अभ्यासक्रमांसाठी ‘अटॅस’ नावाची सुरक्षा मंजुरीही लागते आणि तिला कित्येक आठवडे लागतात, तेव्हा ऑफर लेटर शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे.

शिष्यवृत्तीसाठी १८९२ मध्ये सुरू झालेल्या जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्ती आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती हे मार्ग आधी पाहावेत. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, त्यामुळे नुकत्याच पदवीधर झालेल्याने त्यावर विसंबू नये.

परतीची कागदपत्रे

भारतात परतून पीएचडीला किंवा अध्यापनाला जायचे, तर पदवीची समकक्षता लागते, आणि हा विचार बहुतेकजण परतल्यावर करतात. एका वर्षाच्या ब्रिटिश मास्टर्सला भारतात पूर्वी अडचण येत असे. जुलै २०२२ च्या भारत-ब्रिटन सामंजस्य करारानंतर ती बरीच दूर झाली, परंतु वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, पॅरामेडिकल अशा व्यावसायिक पदव्या त्या करारातून वगळलेल्या आहेत. २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने समकक्षतेचे स्वतंत्र नियमही काढले आहेत. संशोधन-मास्टर्स विज्ञानाची पदवी म्हणून धरली जाते की वैद्यकातील, हे कधी कधी कागदावरच्या एका शब्दावर ठरते. म्हणून विद्यापीठ सोडण्यापूर्वी एक पत्र शिक्क्यासह घ्यावे : अभ्यासक्रम पूर्णवेळ व प्रत्यक्ष उपस्थितीचा होता, एकूण क्रेडिट इतके, त्यांपैकी संशोधनाचे इतके, आणि पदवी विज्ञान विद्याशाखेची की वैद्यकाची. इथली मूळ पदवी आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असेल, तर तिचे ट्रान्सक्रिप्ट जाण्यापूर्वीच जादा प्रतींत काढून ठेवावे; पुढे म्हसरूळला, विद्यापीठाच्या कार्यालयात, चकरा मारायला घरच्यांना पाठवावे लागते, आणि सही विद्यार्थ्याचीच हवी म्हणून अर्ज परत येतो.